रकाना नववा: आवडता पदार्थ

रंगराव गावंडे यांना काय आवडतं, हे पुण्यात चोवीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, आणि हे त्यांना फार सोयीचं पडलं होतं. चहा घेणार की कॉफी? चालेल. खिडकीजवळ बसणार की इकडे? चालेल. कारखान्यात दोन वर्षांपूर्वी साहेबांनी बोलावून स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला, तेव्हाही रंगराव सवयीने 'चालेल' म्हणाले होते. त्यातली इच्छा कोणाची आणि निवृत्ती कोणाची हा विचार घरी येताना बसमध्ये सुचला, पण तोवर सही वाळली होती. खरं तर 'चालेल' हा शब्दही त्यांचा नव्हे. अमरावतीकडे असताना ते 'चालते ना' म्हणत. पुण्यात आल्यावर त्यांनी हा नवा शब्द उचलला आणि पुढे तो मोडेस्तोवर वापरला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीला दहा वर्षं पूर्ण झाली. चौसष्ट बिऱ्हाडं, आणि निम्म्या लोकांना निम्मे लोक माहीत नाहीत. सकाळी खराडीच्या आणि हिंजवडीच्या कंपन्यांच्या गाड्या तरुण मंडळींना उचलून नेत, संध्याकाळी आणून टाकत. शेजारच्या घरात नवरा-बायको राहतात की भाऊ-बहीण, हे विचारायचीही चोरी. तेव्हा सर्वांची ओळख व्हावी म्हणून एक परिचय-पुस्तिका काढायचं ठरलं, आणि संपादनाचं काम वर्तकबाईंनी अंगावर घेतलं.

वर्तकबाईंनी, म्हणजे जया वर्तक यांनी, एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर वर्ग सुटला तरी लाल शाई सुटली नव्हती. लिफ्टमधल्या सूचनेतले ऱ्हस्व-दीर्घही त्या उभ्या उभ्या सुधारत. त्यांनी घरोघरी वाटलेल्या पत्रकात अकरा रकाने होते आणि खाली सक्त ताकीद होती: 'कोणताही रकाना रिकामा सोडू नये. काहीही, सर्व, विशेष नाही, ठरवले नाही, अशी उत्तरे स्वीकारली जाणार नाहीत.'

रंगरावांना वाटलं, ही ओळ बाईंनी आपलं नाव डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली.

पहिले चार रकाने बरे गेले. नाव होतं, फ्लॅट होता, रक्तगटही निघाला. पाचव्यात 'व्यवसाय' असं होतं. तिथे 'स्वेच्छानिवृत्त' असं लिहून रंगराव त्या शब्दाकडे बघत राहिले. एकवीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली होती. चिठ्ठी वाचून नेमका बोल्ट अंधारातही काढून देणारा माणूस, आणि एका शब्दात निकाल. म्हणजे आता आपण कोण हे जे काही लोकांना कळायचं, ते उरलेल्या सहा रकान्यांतून. हे लक्षात आलं आणि त्यांना चक्क घाम फुटला. निदान या माणसाला काहीतरी आवडतं, एवढं तरी छापून यायला हवं होतं.

सहावा रकाना 'छंद'. मदतीला सोसायटीचे चेअरमन संभाजीराव आले. सोसायटी उभी होती ती जमीन एकेकाळी संभाजीरावांच्या वडिलांची ज्वारीची होती, त्यामुळे कोणाच्याही घरात ते बांधावर आल्यासारखे येत.

"त्यात इचार कसला करताय गावंडेसायेब? वाचन लिव्हा. समद्यांनी त्येच लिवलंय."

"पण मी वाचत नाही हो."

"म्यातरी कुठं वाचतोय? आपल्या वाचनालयाच्या कपाटाची किल्ली तीन वर्सं झाली हरवलीया. कुणी मागाय आलं का?"

हा पुरावा बिनतोड होता. रंगरावांनी 'वाचन' लिहिलं.

सातवा रकाना मात्र त्यांच्या घरातूनच उगवला होता. त्यांची मुलगी दीपमाला खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिथे सगळ्यांची एक चाचणी झाली होती, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे जगात माणसांचे एकूण सोळाच प्रकार असतात. तिने हे मीटिंगमध्ये सांगितलं, तरुणांनी उचलून धरलं, आणि 'व्यक्तिमत्त्वाचा प्रकार' हा रकाना आला. "जगात सोळा असतील. या सोसायटीत चौसष्ट आहेत," असं वर्तकबाई म्हणाल्या, पण त्यांनी तो घेतला.

रविवारी दीपमालाने कॉम्प्युटर लावला आणि वडिलांना समोर बसवलं. भाजी निवडत कौशल्याबाईही जवळ बसल्या, कारण नवऱ्याला स्वतःबद्दल काही विचारलं की उत्तर त्याच देत.

"बाबा, पार्टीमध्ये तुम्ही खूप लोकांशी बोलता की मोजक्या लोकांशी?"

"कोणत्या पार्टीत? निवडणुकीच्या?"

"लग्नात समजा."

"लग्नात जेवतो मी."

"बरं. अनोळखी माणसाशी स्वतःहून बोलता?"

"बोलतो की. परवा बसमध्ये बोललो."

"तो तुमच्या पायावर उभा होता," कौशल्याबाई म्हणाल्या.

असे सत्तर प्रश्न झाले. त्यातल्या चाळीसांना रंगराव 'दोन्ही चालेल' म्हणाले, आणि त्या उत्तराची सोय यंत्रात नव्हती, म्हणून तिथे कौशल्याबाईंनी निकाल दिला. शेवटी पडद्यावर चार इंग्रजी अक्षरं आली: आय, एस, टी, जे.

रंगरावांना मधलं एस. टी. तेवढं ओळखीचं वाटलं.

"छान आहे बाबा, वाचते. शांत. कर्तव्यदक्ष. दिलेली सूचना शब्दशः पाळणारे."

"आणि आवडीनिवडी?"

"त्या नाही सांगत हे."

म्हणजे पुन्हा आलं अंगावरच. आठव्यात रंग विचारला होता, तिथे त्यांनी शर्टाकडे बघून 'फिका' लिहिलं. आणि नववा रकाना आला: 'आवडता पदार्थ'. इथे एक चमत्कार झाला. रंगरावांनी कोणाला विचारलं नाही, पेन्सिलीने आधी लिहून पाहिलं नाही. शाईने, एका झटक्यात लिहिलं: सांबारवडी.

लिहिल्यावर त्यांनाच धक्का बसला. हा शब्द घरातून गेला त्याला सतरा वर्षं झाली होती. तिकडे वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. थंडीत सांबाराचे ढीग येतात, मग तो बारीक चिरून, खोबरं, खसखस, लसूण-मिरची लावून, बेसनाच्या पातळ पारीत गुंडाळून तळतात. वर कढी. ती सांबारवडी. दीपमाला सहा वर्षांची असताना तिला खाली भाजीच्या गाडीवर सांबार आणायला पाठवलं होतं. गाडीवाला हसला, भाजी घेणाऱ्या बायका हसल्या, आणि कोणी तरी विचारलं, बाळ, किटली आणलीस का? पोर रडत परत आली. त्या दिवसापासून रंगरावांनी घरात कोथिंबीर हा शब्द सुरू केला. पोरीला कुठे हसायला नको. शब्द गेला तशी वडीही हळूहळू बंद पडली. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. चाललं.

आठ दिवसांनी पुस्तिकेची कच्ची प्रत फलकावर लागली. खाली सूचना: 'दुरुस्त्या रविवारपर्यंत, लेखी, दोन प्रतींत.' रंगरावांनी चष्मा पुसून आपलं नाव शोधलं. छंद वाचन. प्रकार एस. टी. वगैरे. आवडता पदार्थ: सांबार-वडा.

दोन प्रती घेऊन ते वर्तकबाईंच्या दारात उभे राहिले.

"या. काही चुकलंय?"

"नाही, चुकलं असं नाही... ते वडी होतं. तुम्ही वडा केलाय."

"अहो गावंडे, सांबाराबरोबर वडी कुठे असते? वडा असतो. तुमच्या कान्याची वेलांटी झाली होती, मी सुधारली. त्यात आभार कसले मानायचे?"

"आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर, बाई."

वर्तकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग उठून जाडजूड शब्दकोश काढला, पान लावलं आणि बोट ठेवलं. त्यात आमटी होती. वरच्या बाजूला, 'ब'ला काना नसलेलं, जंगलातलं सांबरही होतं. सांबारच्या पुढे कोथिंबीर मात्र नव्हती.

"निदान हरीण तरी लिहिलं नाहीत," बाई म्हणाल्या. "कोथिंबीर म्हणायचंय ना तुम्हाला? मग सरळ कोथिंबीरवडी करते. चालेल?"

आता पुण्याची कोथिंबीरवडी हीही भली वस्तू आहे. उकडतात, कापतात, परततात. पण ती वेगळी. ती आपली म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाला आपला मुलगा म्हणून सांगणं झालं. हे सगळं रंगरावांच्या तोंडाशी आलं होतं. चालेल हा शब्दही आला होता. दोघांची दारात चेंगराचेंगरी झाली आणि शेवटी बाहेर पडलं ते "राहू द्या." मग ते दोन्ही प्रती खिशात घालून जिना उतरले. स्वतःचा त्यांना इतका राग आला की लिफ्ट असताना चार मजले पायी उतरले.

इथे संपलं असतं तरी बरं. पण वर्धापनदिनाच्या कामांची वाटणी त्याच पुस्तिकेवरून करायची टूम निघाली. आवडीनुसार जबाबदारी! ज्यांनी 'गायन' लिहिलं त्यांना ईशस्तवन. 'भटकंती' लिहिणाऱ्यांना मंडपवाल्याकडे खेपा. 'वाचन' लिहिणारे एक्कावन्न जण निघाले, त्यांना खुर्च्या लावायला ठेवलं. आणि जेवणाला काय असा प्रश्न आला तेव्हा संभाजीरावांनी पुस्तिका उघडून रंगरावांच्या पानावर बोट ठेवलं.

"गावंडेसायेब, तुमच्या आवडीचा कार्यक्रम हाय. वडे आचारी करल. सांबार तुमच्याकडं. दोनशे माणूस हाय."

"चालेल," असं रंगरावांच्या तोंडून निघून गेलं.

त्यानंतरचे दहा दिवस वाईट गेले. पहिल्या मजल्यावरच्या प्रेमलाताई इडलीच्या पिठाचं प्रमाण विचारायला आल्या. लिफ्टमध्ये एकाने "मग, मूळचे तुम्ही कर्नाटकातले की अजून खालचे?" असं आपुलकीने विचारलं. रंगराव म्हणाले, अमरावतीचे. तो म्हणाला, असं होय, म्हणजे बदली होऊन तिकडे. माणसाने आयुष्यात एकदाच, एकाच रकान्यात खरं लिहावं आणि त्याचीच शोभा व्हावी, याचं त्यांना आतून वाईट वाटत होतं. घरी कौशल्याबाईंनी वेगळीच आघाडी उघडली होती. राग आला की त्यांचं पुणेरी गळून पडे.

"दोनशे लोकायची आमटी कोन करनार हाय? मी? त्या बाईले काहून सांगितलं नाही ठणकावून?"

"सांगितलं ना."

"काय सांगितलं?"

"राहू द्या म्हणालो."

कौशल्याबाईंनी कपाळावर हात मारला.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. शुक्रवारी प्रत्येकाला वर्तकबाईंच्या अक्षरात कामाची चिठ्ठी मिळाली. रंगरावांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'सांबार. दोनशे माणसांना पुरेल इतके आणणे. श्री. रं. गावंडे.'

रंगरावांनी ती चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. एकवीस वर्षं त्यांनी चिठ्ठ्याच वाचल्या होत्या, आणि चिठ्ठीवर असेल ते, असेल तेवढं, काढून दिलं होतं. त्यांनी ती घडी घालून वरच्या खिशात ठेवली, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांना शांत झोप लागली.

शनिवारी पहाटे रंगराव आणि संभाजीराव जीप घेऊन स्वारगेटच्या पुढे मार्केट यार्डात गेले. जानेवारीचा महिना, पाल्याचे डोंगर लागलेले. रंगरावांनी एक ढीग निवडला, जुडी हातात घेतली, वास घेतला, डोळे मिटले. मग म्हणाले, दीडशे.

"दीडशे जुड्या?" संभाजीराव म्हणाले. "आवो, वरनं भुरभुरायला दोन पुरं होतील!"

"चिठ्ठीत आहे," रंगराव म्हणाले.

नऊ वाजता जीप सोसायटीच्या फाटकात शिरली. मागून हिरवा ढीग दिसत होता, आणि वास तर तिसऱ्या मजल्यापर्यंत आधीच पोचला होता. वर्तकबाई शाल गुंडाळून खाली आल्या.

"हे काय आहे, गावंडे?"

"सांबार."

"मी आमटीबद्दल..."

रंगरावांनी खिशातून चिठ्ठी काढून पुढे धरली. "दोनशे माणसांना पुरेल इतका आणलाय, बाई. तुमचंच अक्षर आहे."

वर्तकबाईंनी चिठ्ठी वाचली. स्वतःचं वाक्य त्यांनी पुन्हा तपासलं, ऱ्हस्व-दीर्घासकट. त्यात चूक सापडेना. एकतीस वर्षांत असा प्रसंग त्यांच्यावर आला नसावा.

"डाळ नाहीये का यात कुठेच?" एवढंच त्या क्षीणपणे म्हणाल्या.

"बेसन आहे ना," वरून, बाल्कनीतून कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचलेला होता.

मग जे झालं ते सोसायटीच्या इतिहासात झालं नव्हतं. सांबार धुतल्यावर पुरता वाळायला हवा, पाणी राहिलं तर वडी तेलात फुटते. वाळवायला गच्ची हवी, आणि गच्चीत वाळवण घालायला कमिटीची मनाई. ठराव रद्द करायला कमिटीची सभा हवी, सभेला सात दिवसांची नोटीस. संभाजीराव म्हणाले, "ठराव वाळवणाचा हाय. ह्ये पसरून ठिवलंय नुसतं." गच्चीवर चादरी अंथरल्या गेल्या. खुर्च्यांसाठी ठेवलेले एक्कावन्न वाचक पाला निवडायला बसले. प्रेमलाताईंनी घाई करून ओलसर सांबाराच्या चार वड्या तळून पाहिल्या, त्या धडाधड फुटल्या, आणि तेव्हा गच्चीवर एक अनोळखी आवाज घुमला.

"ओला नोका घेऊ! वाळू द्या त्याले! घाई काहून करून राह्यले?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. रंगराव गावंडे होते. त्यांच्या घशात एवढा आवाज आहे हे दहा वर्षांत कोणाला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. ते जरा ओशाळले, पण कोणी हसलं नाही. प्रेमलाताईंनी मुकाट्याने पाला परत चादरीवर पसरला.

दीपमाला कामाची सुट्टी असूनही कंपनीचं काहीतरी करत बसली होती, ती चारच्या सुमारास वर आली. कडेच्या चादरीजवळ वाकली, मूठभर पाला उचलून चुरगळून पाहिला आणि गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडली, "बाबा, इकडचा सांबार वाळला!"

रंगरावांना एकदम भरून आलं. ते टाकीकडे तोंड करून उभे राहिले आणि बराच वेळ नळाची चावी तपासत होते. चावीला काहीही झालेलं नव्हतं.

रविवारी पाचशे वड्या झाल्या. आचाऱ्याचे वडेही आले होते, ते लोकांनी कढीत बुडवून खाल्ले आणि तेही बरे लागतात असं मत पडलं. वर्तकबाईंनी एक वडी घेतली. मग दुसरी घेतली. तिसरी घेताना मात्र रंगरावांनी पाहिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तपासते आहे."

आता एकच भानगड उरली होती. पुस्तिका छापून आल्या होत्या, आणि चौसष्टच्या चौसष्ट प्रतींत 'सांबार-वडा' होता. सोमवारी सकाळी बेल वाजली. दारात वर्तकबाई, हातात एक कागद. आयुष्यात पहिल्यांदाच त्या स्वतःची चूक लाल शाईत लिहून आल्या होत्या.

"बसत नाही. शुद्धिपत्र काढते आहे, प्रत्येक प्रतीत चिकटवणार. वाचून सही करा."

रंगरावांनी वाचलं: 'पान १७, रकाना ९. सांबार-वडा याऐवजी सांबारवडी (कोथिंबिरीचा एक वऱ्हाडी पदार्थ) असे वाचावे.'

"चालेल ना?" बाईंनी विचारलं.

आत भांडी घासायचा आवाज थांबला. दीपमालाची गाडी खाली येऊन उभी होती, तरी ती बूट हातात धरून दाराशी थांबली. रंगरावांनी कागद पुन्हा वाचला. कंसाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"नाही चालणार," ते म्हणाले.

"काय नाही चालणार?"

"कंस. तेवढा काढा. वड्याला कंस नव्हता दिला तुम्ही."

वर्तकबाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं. मग दाराच्या चौकटीवर कागद टेकवून त्यांनी कंस काट मारून उडवला, सवयीने समासात बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, "अहो, पण मग लोकांना कळणार कसं?"

"विचारतीन ना जी," रंगराव म्हणाले, आणि त्यांनी सही केली.